दोन सूत खोल

रुग्णालयाच्या बागेत सागवानाचे एक्केचाळीस बाक होते. त्यातले चाळीस बाक वर्षातून एकदा धुतले जायचे, आणि एक धुतला जायचा नाही.

हे बाक कोणी हौसेनं आणून ठेवलेले नव्हते. वरच्या मजल्यांवर ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी ते दिलेले. प्रत्येकाच्या पाठीच्या वरच्या फळीवर अक्षरं कोरलेली: अमुक यांच्या स्मरणार्थ, लाडक्या आजोबांना, आमच्या धाकटीसाठी. बाक करायचा मिस्त्रींनी, अक्षरं कोरायची मिस्त्रींनी, आणि मग त्याची निगा राखायची तीही मिस्त्रींनीच. गेली बारा वर्षं त्यांच्या जोडीला त्यांची लेक होती. वय चौतीस, हात बापासारखे, जीभ मात्र बापापेक्षा सवाई. बागेतले माळी तिला 'घासणीबाई' म्हणायचे. ती त्यांना उलट काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सागवानाला निगा लागत नाही असं म्हणणारे लोक असतात. ते आपल्या आळसाला सागवानाचं नाव देतात. उघड्यावरचा साग सहसा कुजत नाही हे खरं. त्याच्या अंगातच तेल असतं. उन्हापावसात तो वर्ष-दोन वर्षांत रुपेरी राखाडी होतो, आणि त्या रंगाला मिस्त्री उगाच हात लावू द्यायचे नाहीत. "केस पांढरे झाले म्हणून कुणी माणसाला सोलतं का?" असं विचारायचे. पण सावलीतल्या बाकांवर शेवाळ धरतं, मग काळी बुरशी चढते आणि अक्षरांच्या खाचा भरून जातात. ते काढायचं तर कोमट पाणी, साधा साबण, मऊ केसांचा ब्रश, आणि हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. आडवा हात मारला की मऊ भाग निघून जातो आणि कडक रेषा उभ्या राहतात. तारेची घासणी जवळही आणायची नाही. तिचा एखादा कण लाकडात अडकला की दवानं गंजतो आणि काळा डाग पडतो. मग एक-दोन दिवस वाळू द्यायचं, आणि गरज असेल तिथेच एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर दोनशेवीसचा. वरून तेल नाही, वार्निश नाही. हे सगळं लेकीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितलं असतं.

कामाची वाटणी ठरलेली होती. धुणं, घासणं, सैल झालेले पितळी स्क्रू आवळणं लेकीकडे, कोरणं मिस्त्रींकडे. कोरायच्या पटाशीला त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. त्यांची अक्षरं दोन सूत खोल असायची, म्हणजे चांगली पाव इंच. "नाव एकदाच कोरायचं असतं," ते म्हणायचे, "आपल्यामागं कुणी वीस वेळा घासलं तरी राहिलं पाहिजे." गेली दोन वर्षं त्यांचा उजवा हात थरथरत होता. नव्या बाकाचं काम त्या दोन वर्षांत आलं नव्हतं, म्हणून त्या हाताविषयी घरात कोणी बोललं नव्हतं.

एक्केचाळिसावा बाक बागेच्या टोकाला, रुग्णालयाचे कपडे धुतात त्या इमारतीच्या भिंतीशी होता. भिंतीतून वाफेची नळी बाहेर यायची, ऊन तिथे दुपारचं दोन-तीन तास. बाक काळाकुट्ट झाला होता. तो लेकीच्या आईचा.

आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिला मामाकडे ठेवलेलं होतं. पुढे बापाच्या हाताखाली कामाला आली तेव्हा बाक काळा होऊन बसला होता. पहिल्याच दिवशी तिनं ब्रश उचलला आणि मिस्त्री म्हणाले, "त्याला नाही हात लावायचा." का, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मिस्त्री बोलके नव्हतेच, पण या बाबतीत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मग तिनं आपली आपण समजूत करून घेतली: बाबांना आई नको झाली आहे. ही समजूत तिनं बारा वर्षं मनात वागवली, आणि ती हलकी नव्हती.

त्या वर्षी बागेवर नव्या व्यवस्थापक बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण हातात यादी असलेलं माणूस यादीपलीकडचं बघू शकत नाही. त्या एकेक बाक बघत, अक्षरं वाचत, रकाने भरत शेवटच्या बाकापाशी आल्या आणि थांबल्या.

"हा कुणाचा?"

"आमचाच आहे," मिस्त्री म्हणाले.

"काही वाचता येत नाही की हो यावर. नाव नसलेला बाक बेवारस धरायचा असा नियम झालाय. जागेसाठी नऊ कुटुंबं थांबलीत, त्यांना मी काय सांगू?" बाईंनी खडूनं बाकाच्या हातावर एक फुली मारली. "पुढच्या सोमवारी मी परत येते. स्वच्छ आणि वाचता येण्यासारखा असला तर राहील. नाहीतर उचलावा लागेल."

"बघतो," मिस्त्री म्हणाले.

बघतो म्हणाले, पण त्यांनी बघितलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं, म्हणजे नंतर तीन-चार दिवस धुळीत येणं बंद. बुधवारी संध्याकाळी लेकीचा धीर सुटला.

"बाबा, त्या बाकाचं काय करायचं?"

"करू."

"कधी? सोमवारी उचलून नेतील."

मिस्त्री जेवत होते ते जेवत राहिले.

"लोकांच्या आया, लोकांच्या सासवा, सगळ्यांची नावं आपण लखलखीत ठेवतो," ती म्हणाली. "आणि आपल्या आईचं नाव बुरशीखाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माळी मला विचारतात, मी काय सांगू त्यांना? की माझ्या बापाला बायकोची आठवण नको आहे म्हणून?"

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. थरथरता हात त्यांनी ताटाखाली नेला.

"त्याला हात लावू नकोस," ते म्हणाले. "एवढं ऐक माझं."

त्यांनी ऐक म्हटलं आणि तिनं ऐकलं नाही. शुक्रवारी सकाळी ती बादली, साबण आणि दोन ब्रश घेऊन भिंतीशी गेली.

पहिल्या पाण्यालाच बाकावरून शाईसारखा ओघळ सुटला, बाईंची खडूची फुली त्यातच गेली. तिनं सात बादल्या पाणी ओतलं. बुरशी वरवर निघाली, पण वर्षानुवर्षांचं काळं आत मुरलं होतं. दुपारी ऊन आलं तसा तिनं माळ्याला हाताशी घेऊन बाक चार पावलं उन्हात सरकवला आणि वाळायला ठेवला. शनिवारी दुपारपर्यंत तो खडखडीत वाळला. तिनं लाकडी ठोकळ्याला एकशेवीसचा पेपर गुंडाळून बघितला. काळ्या भुकटीनं तो लगेच गच्च भरला. मग तिनं ऐंशी नंबरचा काढला. तो खरखरीत, भराभर खाणारा पेपर. दुसऱ्या कुणाच्या बाकावर तिनं तो वापरला नसता. पण हे बाबांचं काम, बाबांची अक्षरं दोन सूत खोल. ऐंशी काय, रंधा मारला तरी तळाशी राहतील, असं तिनं अगदी निःशंकपणे धरलं.

तिनं आधी पाय केले, मग बसायच्या पट्ट्या, मग हात. काळ्याखालून मधाच्या रंगाचं लाकूड वर येत गेलं आणि सागाचा तेलकट, किंचित कडवट वास सुटला. पाठीची वरची फळी तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती, लहान मूल ताटातला गोड घास शेवटी ठेवतं तशी. आईचं नाव आपण उजेडात आणणार, या विचारानं तिचे हात दुखायचं विसरले. ती जोर लावून घासत होती. डावीकडून उजवीकडे फळी पिवळी होत आली, अर्धी झाली, सगळी झाली.

फळीवर काहीच नव्हतं.

तिनं भुकटी फुंकली, ओल्या फडक्यानं फळी पुसली. एकही खाच दिसेना. आधी तिला संताप आला. कोरलंच नाही यांनी! तेवीस वर्षं हा कोरा बाक आईचा म्हणून ठेवला, आणि घासायचा नाही तो का, तर खोटं उघडं पडू नये म्हणून. ती उठून दोन पावलं चाललीसुद्धा. मग वळून बघितलं तर कलतं ऊन फळीवर तिरपं पडलं होतं आणि अगदी उजव्या टोकाला केसाएवढी एक उभी रेघ दिसत होती. तिनं नख फिरवलं. नख जेमतेम अडलं. पटाशीची रेघ होती ती, लाकडाची नव्हे. शेवटच्या अक्षराचं एवढंच उरलं होतं.

म्हणजे अक्षरं होती. दोन सूत नव्हती, अर्धं सूतही नव्हती, नुसती ओरखड्याएवढी होती. आणि ती आता तिच्या पायाशी, तिच्या मांडीवर, तिच्या केसांत भुकटी होऊन पडली होती. ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. करायला गेले काय आणि झालं काय, एवढं एकच तिच्या मनात फिरत राहिलं.

मिस्त्री संध्याकाळी आले. काळा चष्मा लावलेला, एका हातानं भिंतीचा आधार घेत. त्यांना कोणी सांगितलं होतं की घरी लेक नाही म्हणून त्यांनीच ओळखलं, ते कळायला मार्ग नाही. ते थेट बाकाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि डाव्या हाताचा तळवा फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेला. मग परत आणला.

"किती नंबरचा लावलास?"

"ऐंशी."

मिस्त्रींनी मान हलवली. "एकशेवीस लावला असतास तरी गेलीच असती."

"बाबा, मला वाटलं दोन सूत..."

"तुला तसंच वाटणार. मीच शिकवलंय." ते बाकाला धरून उभे होते. "हा माझ्या हातचा इथला पहिला बाक. इथेच, या भिंतीशी, शेड टाकून काम करत होतो. तुझी आई वर तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी खाली यायची, सलाईनचा दांडा धरून. यायची आणि उभी राहायची. जन्मभर उभीच होती ती. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. इथे आली तरी पायानं रंध्याच्या ढलप्या गोळा करून ढीग लावायची. मी म्हणायचो, बस गं जरा. ती म्हणायची, बसते, एवढं झालं की."

लेकीला ते वाक्य ओळखीचं वाटलं. आईचा चेहरा तिला आता नीट आठवत नव्हता, पण चुलीपुढची ती उभी पाठ आणि तो आवाज आठवत होता.

"बाक झाला त्या दिवशी म्हटलं, आज हिला यावर बसवायचीच. ती खाली आली नाही. दुपारीच गेली." मिस्त्रींचा तळवा पुन्हा फळीवर गेला. "तेव्हाच्या साहेबांकडून हा बाक मागून घेतला. कोरायला बसलो तर पटाशी दाबवेना. तिच्या अंगावर चालवतोय असं वाटायला लागलं. पुढं एवढी लोकांची नावं कोरली, कधी हात अडला नाही. त्या दिवशी नुसतं ओरबाडल्यासारखं झालं आणि उठलो. पहिली दोन वर्षं धुतलं तर निम्मं पुसट झालं. मग ठरवलं, धुवायचंच नाही. काळं तर काळं. दिसत नसलं तरी खाली आहे, एवढं तरी."

"मग मला सांगायचं ना! बारा वर्षं मला वाटतंय, तुम्हाला आई नकोशी झालीय."

"कसं सांगणार? मिस्त्रीचं कोरीवकाम आणि नखाएवढंही खोल नाही. लाज वाटायची." आणि मग हळूच म्हणाले, "मला ती रोज आठवते गं."

लेक उठली आणि बापाच्या खांद्याला डोकं टेकवून उभी राहिली. चौतीस वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं, आणि त्यांनीही तिच्या केसांतली भुकटी झटकली, हेही पहिल्यांदाच.

"आईचं नाव मी परत लिहून घेते कुणाकडून तरी," ती म्हणाली.

"नाव नव्हतंच ते. नावानं मी तिला कधी हाक मारली नाही, ते लाकडावर कुठून येणार? जे रोज म्हणायचो तेच कोरलं होतं. बस गं जरा." त्यांनी उजवा हात वर करून तिला दाखवला, तो थरथरत होता. "आणि कुणाकडून तरी नको. उद्या तू कोर."

रविवारी सकाळी मिस्त्रींनी आपली पटाशी कापडातून काढली, धार लावलेलीच होती, आणि मुठीकडून तिच्या हातात दिली. फळीवर पेन्सिलीनं अक्षरं त्यांनीच काढली. हात थरथरल्यामुळे रेघा जागोजागी नागमोडी झाल्या. एरवी लेकीनं पट्टी लावून त्या सरळ केल्या असत्या. आज केल्या नाहीत. जशी रेघ वळली होती तशी पटाशी वळवत ती कोरत गेली. पहिल्या अक्षराला तिचा हात बिचकला. लाकडी हातोड्याचा ठोका पोकळ आला.

"दाब," मिस्त्री म्हणाले. ते बाजूला विटेवर बसले होते, चष्म्याआड डोळे मिटलेले, नुसता आवाज ऐकत. "घाबरू नकोस. ती काही म्हणायची नाही. आणखी दाब."

तिनं दाबलं. छोट्या छोट्या ढलप्या निघून खाली पडू लागल्या. दर अक्षर झालं की मिस्त्री उठून खाचेत करंगळीचं नख घालून खोली मोजायचे आणि परत जाऊन बसायचे. "सव्वा सूत झालंय," म्हणायचे, किंवा "अजून जरा." बारा वाजता तिचा तळवा सोलवटला. दुपारी ऊन आलं तेव्हा शेवटच्या अक्षराचा शेवटचा काना बाकी होता, आणि तो तिनं त्या केसाएवढ्या उरलेल्या रेघेवरच घेतला. मिस्त्रींनी नख घातलं. बराच वेळ काढलं नाही.

"दोन सूत," ते म्हणाले.

सोमवारी व्यवस्थापक बाई यादी घेऊन आल्या. बाक भिंतीपासून चार पावलांवर, उन्हातच ठेवलेला होता. बाईंनी आधी पुढून बघितला, मग वाकून फळी वाचली, आणि पेन हातात धरून थांबल्या.

"यात नाव नाही."

"तेच आहे," लेक म्हणाली.

"रकान्यात नाव लागतं हो. कुणाच्या स्मरणार्थ?"

"माझ्या आईच्या. ती कधी बसली नाही."

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री टोपी हातात घेऊन उभे होते, शाळेत उभं केल्यासारखे. बाईंनी परत एकदा फळी वाचली, मग नावाच्या रकान्यात तेच तीन शब्द लिहिले आणि पुढे खूण केली. जाताना त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

बाई दिसेनाशा झाल्यावर मिस्त्री बाकापाशी गेले. तेवीस वर्षांत त्यांनी या बाकावर बूड टेकवलं नव्हतं; तिच्याआधी आपण कसं बसायचं, असं त्यांचं म्हणणं असावं. आज ते वळले, बाकाच्या हाताला धरून सावकाश खाली झाले आणि एका टोकाला बसले. फळीला पाठ लावली नाही आधी, मग लावली.

लेक ब्रश गोळा करत होती. खाली ढलप्या पडल्या होत्या, त्या ती पायानं एकत्र करत होती. बादलीत कालचं पाणी होतं, तेही झाडाला घालायचं होतं.

"बस गं जरा," मिस्त्री म्हणाले.

"बसते, एवढं झालं की," ती म्हणाली.

म्हणाली आणि तिचा पाय तिथेच थांबला. मिस्त्री तिच्याकडे बघत होते. चष्म्याखालून एक ओघळ गालावर आला होता, ऑपरेशनच्या डोळ्याचा की दुसऱ्याचा, सांगता येत नव्हतं.

तिनं बादली खाली ठेवली. ढलप्या होत्या तशाच राहू दिल्या. मग येऊन ती दुसऱ्या टोकाला बसली, आणि मधली जागा दोघांनीही मोकळी ठेवली.